फ्रीजमधला गाळ

आमच्या फ्रीजमध्ये दही, कोथिंबीर आणि नदीचा चिखल गुण्यागोविंदानं नांदतात. चिखल सुनेचा. मंजूषा इथे भोपाळात कोलार रोडच्या एका कॉलेजात नदीच्या तळचा गाळ तपासते. त्यात शिसं किती, कॅडमियम किती, हे बघणं तिची नोकरी. सुट्टीच्या दिवशी नदीवर गेली की कॉलेज बंद, मग ते डबे रात्रभर आमच्याकडे मुक्कामाला. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं तो काळाकुट्ट डबा माझ्या दह्याला खेटून ठेवला, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"अगं, आमच्या नागपूरकडे सुना येताना चिवडा आणतात, चिखल नाही," मी म्हटलं.

ती नुसती हसली. माझा प्रतीक मात्र लगेच बायकोच्या मदतीला धावला. "आई, ढक्कन पक्कं बंद आहे. टेन्शन मत ले ना!" भोपाळात जन्मलेल्या पोरांची मराठी ही अशीच. मी तोंड फिरवलं आणि दही वरच्या कप्प्यात नेऊन ठेवलं.

यंदा माझी लेक शमिका बाळंतपणाला आली. सातवा महिना लागलेला, गणपती तोंडावर. आमच्या अवधपुरी कॉलनीतल्या आम्हा मराठी बायकांनी ठरवलं की या वर्षी मूर्ती विकत आणायची नाही, जिनं तिनं आपल्या हातानं मातीची घडवायची. मंजूषा तेव्हा विद्यार्थ्यांना घेऊन बाहेरगावी गेली होती. मग मी आमच्या ह्यांना, म्हणजे नीळकंठरावांना, स्कूटर काढायला लावली आणि मिसरोदच्या पुढे पुलाखालून नदीची माती घेऊन आले. काय माती होती ती! लोण्यासारखी मऊ, एक खडा म्हणून सापडायचा नाही. सोंड अशी वळली की शेजारच्या सुमित्राताई मूर्तीपुढून हलेनात. उरलेल्या मातीच्या मी वड्या थापल्या आणि पुढच्या वर्षासाठी गच्चीवर वाळत घातल्या.

आणि शमिकाला डोहाळे लागले ते नेमके मातीचे. "मम्मी, मिट्टी खायचं फार मन होतंय गं."

मला तर हसूच फुटलं. ही पोटात असताना माझी आई मलाही भाजकी माती द्यायची. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, असं आमच्याकडे म्हणतात. मग काय! मी एक वडी तव्यावर भाजली, वर पाण्याचा हबका मारला. काय वास सुटला म्हणता! शमिका डोळे मिटून खायची आणि मी कौतुकानं बघत बसायची. देवाच्या मूर्तीची माती लेकीच्या पोटात जातेय, याहून चांगलं काय असणार, असं मला वाटायचं.

गणपतीच्या आदल्या दिवशी मंजूषा परतली. पाठीवरची पिशवीही उतरवली नव्हती. शमिकाच्या तोंडात तुकडा बघितला आणि धावत जाऊन तिचा जबडा धरून बोटानं तो बाहेर काढला. "थुंक. आधी थुंक. चूळ भर."

शमिका रडायलाच लागली. माझं डोकं सणकलं. "मंजूषा! वेड लागलं का तुला? देवाची माती आहे ती!"

ही पोरगी माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "देवाची असेल हो आई, पण आणली कुठून?"

"मिसरोदच्या पुढून. पुलाखालून."

तिनं पाठीवरची पिशवी खाली टाकली. "आई, मी तिथलाच गाळ तपासते. फ्रीजमध्ये ठेवते तो तोच."

वरच्या अंगाला कुठेकुठे जुन्या बॅटऱ्या फोडतात, गटारं उघडी सोडतात, त्यातलं शिसं वाहत येऊन तळाला बसतं, असं तिनं सांगितलं. आणि माती जितकी मऊ, तितकं ते जास्त धरून ठेवते. म्हणजे ज्या मऊपणावर मी जीव टाकला, तोच माझ्या नातवंडाच्या जिवावर उठला होता. अगं बाई, मी डोहाळे म्हणून काय भरवत बसले होते!

मंजूषानं वेळ घालवला नाही. शमिकाला तशीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट अजून यायचा होता. गणपती बसला, आरती झाली. मी देवाला एवढंच म्हटलं, काय शिक्षा करायची ती मला कर, त्या पोटातल्या जिवाला नको.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अम्माजी, सीसा थोड़ा बढ़ा है, पर वक़्त पर पकड़ में आ गया। महीना-दो महीना और खाती, तो मैं कुछ नहीं कह सकती थी।" रक्तात लोह कमी, म्हणून मातीची ओढ, असंही त्यांनी समजावलं. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या तपासणीत शिसं उतरलेलं दिसलं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

विसर्जन बादलीतच केलं. दरवर्षी ते पाणी मी कढीपत्त्याला घालते. यंदा मंजूषानं बादलीवर झाकण लावलं, हात जोडले आणि ती लॅबमध्ये नेली. वड्यासुद्धा एकूण एक नेल्या.

सुनेला थँक्यू म्हणायची आमच्यात रीत नाही, आणि जीभही वळत नाही मेली. मी मुकाट्यानं लोणच्याची बरणी खाली सरकवली आणि मधला अख्खा कप्पा तिला मोकळा करून दिला.

कार्तिकात शमिकाला मुलगी झाली. वजन छान, रडणं दणदणीत. नर्स दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली. "नानी कौन हैं?" सगळ्यांनी मला पुढे ढकललं. मी मागे सरले. "पहले मामी को दो."

मंजूषानं हात पाठीमागे नेले. "आई, सकाळी नदीवर होते मी. हात धुऊन येते."

"आल्यापासून दोनदा धुतलेस, बघितलंय मी. घे गुपचूप!"

तिनं घेतलं. पोरीनं मूठ वळली ती मामीच्या बोटावर. शमिकाच्या तोंडातून माती काढणारं तेच बोट. मग मात्र मला राहवेना.

"मंजूषा, तू होतीस म्हणून ही अशी धडधाकट हातात आली गं," मी म्हटलं आणि सगळ्यांसमोर रडले. तीही रडली.

नीळकंठराव पेढ्यांचे खोके घेऊन उभे होते. बायकांचं रडणं त्यांना कधी झेपत नाही. घसा खाकरून म्हणाले, "पेढे जास्तच आणलेत बहुतेक. उरलेले घरी फ्रीजमध्ये ठेवू ना?"

"काही नको," मी डोळे पुसत म्हटलं. "फ्रीजमध्ये माझ्या सुनेचा गाळ आहे. पेढे वाटून टाका सगळे."