झाकणाची कृपा

पाणीबाबांनी वस्तीच्या विहिरीतलं निळं पाणी काचेच्या बरणीत घेतलं, चिमूटभर पांढरं भस्म सोडलं, झाकण लावलं आणि डोळे मिटले. मिनिटभरात पाणी नितळ झालं. लोकांनी हात जोडले.

"विहिरीचा कोप शमला," बाबा म्हणाले. "आता घरदार सोडायची गरज नाही. मात्र झाकण उघडलं की लगेच प्यायचं, नाहीतर कृपा उडून जाते."

कृपेला झाकण कशाला लागतं, हे कुणीच विचारलं नाही. विषारी जमिनीवरून लोकांना हलवायला आलेल्या तीन लॉऱ्या रिकाम्या उभ्या होत्या. संमतीपत्रांवर सह्या करायची ही शेवटची दुपार, आणि लोक तेच कागद फाडत सुटले होते.

गर्दीतल्या एका निवृत्त रंगमास्तराच्या नाकात मात्र जळक्या गंधकाचा वास गेला. कापड कारखान्यात रंग उतरवायला तीस वर्षं त्याने हीच पूड वापरली होती. तरी तो मूग गिळून बसला. बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

तेवढ्यात त्याच्या गरोदर लेकीने बरणी उघडून तोंडाशी नेली. मग मात्र त्याला राहवेना. त्याने बरणी काढून घेतली आणि तो पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतायला लागला. पाणी पुन्हा निळं झालं.

"अविश्वासी हात लागला," बाबा गरजले. मास्तरने बाबांनीच नितळ केलेली दुसरी बरणी त्यांच्या सगळ्यात मोठ्या भक्तिणीला, किराणावाल्या काकूंना दिली. काकूंनी नामस्मरण करत ओतलं. त्यांचंही निळंच झालं.

"हवा लागली की रंग परततो," मास्तर म्हणाला. "पुडीने रंग लपतो, विष जात नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक, अण्णा?" लेकीने विचारलं.

"तपासनीस यायच्या दिवशी सांडपाण्याच्या हौदात मीच ही पूड ओतायचो. ते नितळ पाणी बघून सही करायचे. तेच पाणी आपल्या विहिरीत मुरलं." त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. "डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. बाबांना जाब विचारा, तपासनीस साहेबांना विचारा, मलाही विचारा."

"माझं पहिलं बाळ गेलं, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

तिने संमतीपत्रावर सही केली. ती लॉरीत चढताना त्याने आधाराला हात पुढे केला. ती फळी धरून चढली.