मागच्या दाराची तिसरी पायरी

नव्या पाळकबाईला घालवायचं हे मी ठरवलं होतं, आणि मी एकदा ठरवलं की आमच्या चर्चमध्ये ते होतंच. इमारतींची समिती माझ्याकडे, स्वयंपाकघराच्या किल्ल्या माझ्याकडे, आणि बिशपला लिहिलेलं पत्रही माझ्याच पर्समध्ये. एकेचाळीस सह्या झाल्या होत्या. या बाईला परत न्या, एवढीच गोष्ट आम्ही तीन पानं लावून लिहिली होती.

कारण विचाराल तर सांगते. हार्लन वीम्स एकोणीस वर्षं आमचे पाळक. माझ्या नवऱ्याला त्यांनी माती दिली, माझ्या दोन्ही मुलींची लग्नं त्यांनी लावली. जूनमध्ये बिशपने त्यांना घरी बसवलं, का तर म्हणे हात थरथरतात. आणि त्यांच्या जागी टेक्ससहून ही मारिसेला टोवार पाठवली, वय वर्षं चौतीस. पहिल्याच रविवारी बाई व्यासपीठावरून खाली उतरली आणि आमच्या बाकांमध्ये उभी राहून उपदेश करायला लागली. आमच्या नेब्रास्कात काय भाजी विकायला आली होती?

ऑगस्टमध्ये तिने मला सांगितलं, "चर्चने मला दिलेल्या घराच्या मागच्या दाराची तिसरी पायरी कुजलीय. समितीतर्फे बघाल का?"

"यादीत घालते," मी म्हटलं. घातली, सगळ्यात खाली. दोन आठवड्यांनी तिने परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. सप्टेंबरच्या शेवटी त्याच पायरीवरून ती पडली आणि तिचा घोटा मोडला.

आमच्याकडे कुणी नुसतं शिंकलं तरी संध्याकाळपर्यंत दारात जेवणाची सहा भांडी येतात. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव असतं, म्हणजे परत करताना घोळ नको. पाळकबाईच्या दारात अकरा दिवसांत एकही भांडं गेलं नाही. मी कुणाला नको म्हटलं नव्हतं. "मी तर बाई नेणार नाही," एवढंच चौघींसमोर म्हटलं होतं. आमच्याकडे तेवढं पुरतं.

पत्रावर सगळ्यात वर हार्लनची सही हवी म्हणून मंगळवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात. जन्मात कधी ओट्याशी न गेलेला माणूस एप्रन बांधून उभा होता. समोर काचेच्या भांड्यात नूडल्स, कोंबडी आणि चीज. अर्धं भांड्यात, अर्धं ओट्यावर.

"बरी आलीस," ते म्हणाले. "हे भाजून झालं की पाळकबाईंना पोचव. निवृत्त पाळकाने वर्षभर तिकडे फिरकायचं नाही असा नियम आहे, नाहीतर मीच गेलो असतो."

"तुमच्या जागेवर येऊन बसली ती, आणि तिला मी जेवण नेऊ? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" मी पत्र ओट्यावर आपटलं. "आधी यावर सही करा."

त्यांनी तिन्ही पानं वाचली. मग खुर्ची ओढून बसले.

"आर्डिस, मला कुणी काढलं नाही. मीच बिशपना लिहिलं, मला मोकळं करा म्हणून. ईस्टरला प्रभुभोजनाचा प्याला माझ्या हातून सांडला ना, त्याच दिवशी."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

त्यांनी चिकटपट्टीचं रीळ हातात घेतलं. "तुम्ही सगळे माझ्यासाठी चिडलात, ते मला आवडलं. फार बरं वाटत होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता चार महिने गेले. आणि तिकडे त्या पोरीचा पाय मोडला."

मला त्यांचा असा संताप आला की हात उगारायचाच काय तो राहिला. या माणसासाठी मी गावभर हिंडले होते.

"लाज वाटायला हवी तुम्हाला."

"वाटते," ते म्हणाले. "तुला?"

मी पत्र उचलून पर्समध्ये कोंबलं. भांडं ओव्हनमधून निघून निवेपर्यंत मी ओट्यावर सांडलेलं पुसलं. त्याच्या बुडाला त्यांनी थरथरत्या अक्षरात माझं नाव लावलं, कारण त्या नियमामुळे त्यांचं लावता येत नव्हतं.

पाळकबाईच्या मागच्या दाराशी तिसऱ्या पायरीवर कुणीतरी फळी टाकली होती. बहुधा तिनेच. कठड्याला धरून, भांडं सांभाळत मी कशीबशी वर चढले. ती कुबड्यांवर दारात आली.

"आर्डिसबाई. पत्राचं सांगायला आलात?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. "जेवण आणलंय," मी म्हटलं.

तिला भांडं धरता येईना, म्हणून मला आत जावं लागलं. टेबलावर कॉर्नफ्लेक्सचे तीन खोके होते, दोन रिकामे. मी भांडं त्यांच्या शेजारी ठेवलं.

"नाव माझं आहे, पण रांधलं हार्लनने," मी म्हटलं. "आणि पायरी माझी. मी ती मुद्दाम यादीत खाली घातली होती."

"माहीत आहे मला."

"मग तक्रार का नाही केलीत?"

"कुणाकडे? पायरीची तक्रार तुमच्याच समितीकडे करायची असते." ती हसली नाही. "रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेते मी, आणि रोज मला तुमचा राग येतो."

"येऊ दे," मी म्हटलं. "मोजपट्टी आहे का घरात?"

तिने खणातून काढून दिली. बाहेर जाऊन मी गुडघे टेकले, या वयात, भर दुपारी, मागच्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल अशी. पायऱ्या मोजल्या. पहिल्या दोनही आतून गेल्याच होत्या. मापं लिहायला पर्समध्ये दुसरा कागद नव्हता, म्हणून पत्राचं सह्यांचं पान काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहिली.

तिथून थेट आमच्या चर्चमधल्या ड्वेनच्या लाकडाच्या दुकानात गेले. पान त्याच्यासमोर ठेवलं. त्याने मापं वाचली, मग कागद उलटला. सहावी सही त्याचीच.

"हे बिशपला जायचं होतं ना?" तो म्हणाला.

"आधी लाकूड काप," मी म्हटलं. "आणि हातोडी घेऊन चल. तुझीही सही आहे त्यावर."