पाचवी रेघ

देवमाशाच्या पोटात उतरायला सतरा पायऱ्या होत्या आणि चिहारु नवव्या पायरीवर अडकली होती, कारण रांगच हलत नव्हती. 'देवमासा' हे त्या तळघराचं नाव. उत्तर जपानातल्या मोरिओकात, नदीवरच्या पुलाला लागून, वर शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आणि खाली हे. काळ्या भिंती, बुटकं छत, अंग चोरून उभं राहिलं तर ऐंशी माणसं मावतील एवढी जागा. फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे साडेतीन. सगळ्यांच्या बुटांना चिकटून आलेला बर्फ पायरीपायरीवर वितळत होता, आणि खाली बंद दाराआड कुणीतरी ड्रम जुळवत होतं. धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प. आत काहीतरी प्रचंड मोठं झोपलंय आणि त्याचं काळीज वाजतंय, असं वाटावं.

चिहारुचंही काळीज वाजत होतंच. तिला खाली जाऊन दोनच शब्द बोलायचे होते: शेवटचा थांबा.

हे तिच्या बाबांच्या बँडचं नाव. बाबा म्हणजे ओइकावा मित्सुओ, वय चौपन्न, अठ्ठावीस वर्षं शहर बसचे ड्रायव्हर. बँडमधले चौघंही डेपोतलेच. इशिदाकाका गायचे, बाबा बेस गिटार वाजवायचे आणि वाजवताना स्वतःच्या बुटांकडे बघत राहायचे. घरी तर तोंडातून शब्द निघायचा नाही. आई म्हणायची, "सगळं बोलणं बसच्या माइकमध्ये खर्चून येतो हा माणूस, आपल्या वाट्याला काय उरणार?"

आता देवमाशाची एक पद्धत होती. एका दिवशी दोनतीन बँड वाजवणार, तिकीट सगळ्यांचं मिळून एकच, पण दारात विचारायचे, आज कुणाला बघायला आलात? तुम्ही नाव सांगायचं, की त्या नावापुढे एक रेघ. पाच रेघांचं एक जपानी अक्षर, शेवटची रेघ तळाशी आडवी. पाच माणसं आली की अक्षर पुरं, मग शेजारी दुसरं सुरू. गाजलेल्या बँडपुढे अशी सातआठ अक्षरं लागायची. आणि शेवटच्या थांब्यापुढे तीन वेळा, लागोपाठ तीन वेळा, चारच रेघा. बघायला येणारी डेपोतली तीच चार माणसं. तळाची आडवी रेघ नसलेलं ते अक्षर, जमीन नसलेल्या घरासारखं अधांतरी.

गुरुवारी जेवताना बाबा सुपाच्या वाडग्यात बघत म्हणाले होते, "रविवारी अक्षर पुरं नाही झालं ना, तर गिटार देऊन टाकणार. इशिदाच्या भाच्याला हवीय."

आई म्हणाली, "अहो, मी येते की! माझी रेघ धरा."

"तू आता माझं हे बोलणं ऐकून येणार. ऐकून आलेलं धरायचं नाही."

"बरं बाई, तुमचे नियम! आणि तू काय करत्येस गं रविवारी?"

"माझी बेकरीत पाळी आहे," चिहारु म्हणाली. नव्हती पाळी. तिनं तिकीट मंगळवारीच काढलेलं, बाबांनी तोंड उघडायच्याही दोन दिवस आधी, आणि ते तिच्या ॲप्रनच्या खिशात पिठानं माखून पडलं होतं. ऐकून नव्हती जाणार ती. जायचंच होतं तिला. बाबांना ते आपल्या आपण, दारातल्या यादीवरून कळावं, एवढंच हवं होतं.

रांग हलली. दहावी पायरी.

पुढं तीन मुली होत्या, गळ्यात आवडत्या बँडचं नाव छापलेले सारखेच आकाशी पंचे. त्यातली नोनोका नावाची, उंच, दातांच्या दवाखान्यात कामाला असणारी, मागं वळून म्हणाली, "पहिल्यांदा आलीस? घाबरू नको गं, आम्ही आहोत. साखरझोप ऐकलास ना कधी?"

साखरझोप हा त्या दिवसाचा मोठा बँड. पोरं विशीतली, केस डोळ्यांवर आलेले, गाणी अशी की ऐकताना आपण पाण्याखाली आहोत असं वाटतं. शाळेत असताना चिहारुनं ऐकली होती. तिनं मान डोलावली.

"ते आधी वाजवणार आज, त्यांची गाडी आहे संध्याकाळची," नोनोका म्हणाली. "मग ते काकालोक. बसवाले! मागच्या वेळी त्यांच्यातले एक काका सबंध वेळ बुटांकडे बघत होते. मला वाटलं, काही हरवलंय की काय यांचं!"

तिघी खिदळल्या. वाईट नव्हत्या त्या, नुसत्या खिदळल्या. पण चिहारुचे कान असे तापले की त्यावर पाव भाजला असता.

सतरावी पायरी आली. दारात कायोमावशी बसलेली, लोकरीची टोपी, नाकाच्या टोकावर चष्मा, हातात पेन्सिल. देवमासा तिचाच. शीतपेयाचा बिल्ला सरकवत ती म्हणाली, "कुणाला बघायला आलीस गं?"

आणि नोनोका अगदी शेजारी उभी. बघतेय. हसतेय.

"साखरझोप," चिहारु म्हणाली.

रेघ पडली. केवढीशी रेघ, पेन्सिलीचा कर्र एवढासा आवाज, पण चिहारुला तो आरपार ऐकू गेला. ती तोंड उघडणार तोच तिघी किंचाळल्या, "अय्या, आमच्यातलीच की!" जास्तीचा एक आकाशी पंचा तिच्या गळ्यात पडला आणि तिला जवळजवळ उचलून आत नेलं.

आत सगळं निळं होतं. निळा उजेड, निळा धूर, आणि त्या धुरात माणसं तरंगत असल्यासारखी. तिच्या हातात आल्याच्या सरबताचा ग्लास आला, कुणी दिला तेही तिला कळलं नाही. नोनोका तिला मंचाला चिकटवून म्हणाली, "आमच्या वेळी आम्ही पुढं. नंतर मागं सरायचं, दुसऱ्यांना जागा द्यायची. एवढंच लक्षात ठेव."

मग दिवे गेले आणि साखरझोप सुरू झाला. खरं सांगायचं तर फार सुंदर होतं ते. गिटारचा पहिलाच सूर असा पसरला, जसा कुणी डोक्यावरून ओली चादर ओढतंय हळूहळू. मुली हात वर करत, डावीकडे, उजवीकडे, मग बोटं हलवत खाली. चिहारुही करत होती, दर वेळी एक ठोका मागं, म्हणजे सगळ्यांचे हात खाली आले की हिचा एकटीचा वर. तिला वाटलं, हे स्वप्न आहे. स्वप्नातच असं होतं ना, आपल्याला एका घरी जायचं असतं, आपण दुसऱ्याच घरात शिरतो, आणि तिथले लोक आपल्याला प्रेमानं जेवायला वाढतात.

आणि त्या स्वप्नात मंचाच्या कडेचा काळा पडदा चार बोटं सरकला. बाबा.

त्यांनी गर्दी बघितली. मग चिहारुला बघितलं, गळ्यात आकाशी पंचा, हात वर. दोघांची नजर अडकली. बाबांनी अगदी थोडा हात वर केला, समोरून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला ते रोज करतात ना, तसाच. ते पलीकडे चाललेत, आपण अलीकडे, जपून जा. मग पडदा सरकून बंद झाला.

साखरझोपचं शेवटचं गाणं तिला ऐकूच आलं नाही. दिवे लागताच ती माणसांमधून वाट काढत दाराकडे धावली. "मावशी, माझी रेघ..."

टेबलापाशी कुणीच नव्हतं. बिल्ल्यांचा डबा होता, पेन्सिलही होती. यादी नव्हती.

पंख्याखाली वारा घेत उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "यादी आत गेली. वाजवायच्या आधी बँडवाल्यांना दाखवते ती." हा डेपोतला मेकॅनिक, चार रेघांतली एक. त्यानं तिला ओळखलं नाही, लहानपणी पाहिलेली. "चारच आहेत आजही," तो स्वतःशीच म्हणाला. "मित्सुओनं पाहिलं असणार."

दिवे गेले पुन्हा. शेवटचा थांबा मंचावर आला.

आणि मग नेहमी जे होतं तेच झालं. मुली नियमानं मागं सरल्या, आदबीनं, दुसऱ्यांना जागा द्यायला. पण त्या जागेवर यायला दुसरं कुणी नव्हतंच. ऐकायला आलेले ते डेपोवाले चौघं लाजून भिंतीला टेकलेले. बाकीची गर्दी मागं, आणि मंचापुढं नुसती ओली, रिकामी फरशी, तिच्यावर एकच पिवळा दिवा पडलेला.

"या की पुढं!" इशिदाकाका माइकमध्ये ओरडले. "चावत नाही आम्ही!"

कुणी हललं नाही. कुणीतरी खोकलं. इशिदाकाकांनी घाम पुसला, ड्रमवाल्याकडे बघितलं, ड्रमवाल्यानं छताकडे.

तेव्हा बाबा एक पाऊल पुढं आले. बाबा, जे आजवर मंचावर एक अक्षर बोलले नव्हते. ते दुसऱ्या माइकपाशी वाकले आणि त्या आवाजात बोलले. कुठल्या आवाजात, तर सकाळी सहा दहाच्या बसमध्ये अख्खं मोरिओका ज्या आवाजात डोळे चोळत जागं होतं, त्या.

"पुढं जागा आहे. मागच्या प्रवाशांनी कृपया पुढं सरकून घ्यावं. घाई करू नये. आपण नीट उभे राहिल्यावरच गाडी निघेल."

तळघर हसलं. सगळं तळघर, नोनोकासुद्धा. पण चिहारु हसली नाही, कारण तिचे पाय निघाले होते. तिनं काही ठरवलंच नव्हतं. सहा वर्षांची असताना दर रविवारी ती बाबांच्या बसमध्ये चाकावरच्या त्या उंच एकट्या खुर्चीत बसायची, सगळ्यात पुढं, डावीकडे, आणि हा आवाज म्हणाला की सरकायचं. पुढं जागा आहे. ती ओल्या फरशीवरून चालत गेली. सात पावलं. अख्ख्या देवमाशाची नजर पाठीवर. मंचाच्या डाव्या कोपऱ्याला, बाबांच्या बुटांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं गळ्यातला आकाशी पंचा काढून खिशात कोंबला.

बाबा बुटांकडेच बघत होते. बुटांपुढं त्यांना पिठाचे डाग पडलेले दुसरे बूट दिसले. त्यांनी मान वर केली.

पहिला सूर चुकला. चक्क चुकला, इशिदाकाकांनी वळून बघितलं. मग दुसरा लागला, आणि तो कानातून नाही, फरशीतून आला, तळव्यांतून गुडघ्यांत, तिथून बरगड्यांत. बेस गिटार जवळून अशी लागते हे चिहारुला ठाऊकच नव्हतं. घरी बाबा गिटार स्पीकरला न जोडताच वाजवायचे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, भिंतीपलीकडून फक्त टकटक ऐकू यायची. ही टकटक एवढी मोठी होती? गाणं साधंच होतं, बर्फातून रिकामी बस नेणाऱ्याचं. पिवळ्या उजेडात धूर असा वाहत होता जसा काचेवरून बर्फ वाहतो, आणि तिला वाटलं, काच पुसली जातेय, डावीकडे, उजवीकडे, नदी मागं पडली, पूल मागं पडला, देवमासा आपल्या सगळ्यांना पोटात घेऊन कुठंतरी निघालाय आणि बाबा चालवतायत. बाबा बुटांकडे बघत नव्हते. समोर बघत होते. रस्ता बघावा तसं.

तिच्या खांद्याला खांदा लागला. नोनोका. मागं तिच्या दोघी.

"एकटीच काय उभी राहतेस?" ती कानात ओरडली. "आमच्या वेळी तू होतीस ना!"

नोनोका तर आलीच, पण तिच्या मागोमाग बाकीचेही आले. मेकॅनिक आला. हात कधी वर करायचे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे या वेळी सगळेच चुकत होते.

कार्यक्रम संपला तेव्हा सहा वाजून गेले होते. बाबा मागच्या बाजूला टेबलाशी उभे होते, पुढ्यात बँडच्या नावाचे न खपलेले पंचे. चिहारु गेली. विस्कटलेल्या पंच्यांच्या घड्या घालायला लागली.

"चांगला आहे तो साखरझोप," बाबा म्हणाले. "त्यांना बघायला आलीस. छानच."

"नाही आले."

"हात हलवत होतीस की. मला वाटलं ताप चढलाय तुला."

"बाबा, दारात खोटं सांगितलं मी. लाज वाटली. म्हणजे तुमची नाही... हो, तुमचीच वाटली. आणि मग लाज वाटली याचीच लाज वाटली."

 तेवढ्यात नोनोका आली, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. "हे तुझे बाबा? अगं मग आधी नाही का सांगायचं! मी आपली काहीबाही बोलत सुटले!" मग बाबांना वाकून नमस्कार करत ती म्हणाली, "काका, सापडलं का?"

"काय?" म्हणून बाबा खाली बुटांकडे बघायला लागले, आणि चिहारु इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

कायोमावशी दारात यादीची घडी घालत होती. चिहारुनं सगळं एका दमात सांगितलं.

"एका माणसाची एकच रेघ," मावशी चष्म्यावरून म्हणाली. "इकडची घालायची तर तिकडची पुसावी लागेल."

"पुसा की!" नोनोका मागून ओरडली. "आमची सात अक्षरं झालीत, एका रेघेनं काय मरतोय आम्ही!"

"तर! रोज कुणी ना कुणी येतं जाताना, मन बदलून. म्हणून तर पेन्सिल ठेवते मी." मावशीनं रबरानं रेघ पुसली, फुंकर मारली आणि पेन्सिल चिहारुपुढं धरली. "घे. तूच काढ."

बाबा म्हणाले, "ऐकून आलेलं धरत नाही मी."

"तिकीट मंगळवारी काढलंय. तुम्ही बोललात गुरुवारी." तिनं खिशातून तिकिटाचा अर्धा तुकडा काढून टेबलावर ठेवला, पीठ अजून होतं त्यावर. "वास घेऊन बघा."

बाबांनी खरंच वास घेतला.

चिहारु वाकली. शेवटचा थांबा, पुढं चार रेघा, अधांतरी. तिनं खाली डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली, जरा लांब झाली, जरा वाकडी, शेजारच्या रकान्यात घुसली. अक्षर जमिनीवर टेकलं.

बाबांनी पाची रेघा बोटानं मोजल्या. मग त्यांनी गिटारची पिशवी खांद्यावर घेतली, सतरा पायऱ्यांकडे तोंड केलं आणि वर कुठंतरी बर्फ झाडत उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली.

"इशिदा! भाच्याला म्हणावं, दुसरं काहीतरी वाजव."