खड्ड्यातली केळ

तेक्केनडा गल्लीच्या रहिवासी संघात काम करणारं माणूस एकच, बीनाकुमारी. बाकी सगळे भाषण करणारे. गल्लीत नुसता एक बल्ब लावायचा म्हटलं तरी आधी टेबलावर पांढरी चादर, चादरीवर माइक, मग एकाचं स्वागत, एकाचं अध्यक्षपद, एकाचं उद्घाटन, चौघांच्या शुभेच्छा आणि शेवटी आभार. तोवर तो बल्ब खोक्यातच म्हातारा व्हायचा.

बीना सेक्रेटरी झाली तीसुद्धा अशीच. सभेत अध्यक्ष कुरुविलांनी विचारलं, "कोण होतंय सेक्रेटरी?" सगळ्यांनी मान वर करून पंखा बघितला. नेमकी बीनाला शिंक आली आणि तिची मान खाली गेली. "मान डोलावली! टाळ्या!" कुरुविला ओरडले. झालं. बीनाला राग पटकन येतो हे गल्लीला माहीत होतं. पण रागावलेलं माणूस काम भराभर उरकतं, हेही गल्लीला माहीत होतं. लबाड आहेत सगळे.

गल्लीच्या तोंडाशीच खड्डा होता. लहानसहान नाही, म्हैस बसली तर नुसती शिंगं दिसतील असा. त्याच्या पुढं एकही गाडी येत नसे. सजीवन रिक्षावाला तर तिथंच ब्रेक मारून सांगायचा, "चेची, उतर इथंच. माझी रिक्षा आहे, होडी नाही." चेची म्हणजे ताई, पण बोलणं असं.

बाकीच्यांना त्या खड्ड्याचं फार काही वाटत नव्हतं. बीनाला वाटत होतं, कारण तिची आई. अम्मा चेंगन्नूरला बीनाच्या भावाकडे राहायची. गुडघे पार गेलेले, चार पावलं टाकली की बसायची. नवऱ्याची परदेशातली, दोह्यातली कमाई आणि आपली शिवणाची मशीन, दोन्ही जुंपून बीनानं घर बांधलं होतं. ते घर अम्मानं फक्त मोबाइलवर पाहिलेलं, तेही निम्मं बोटाआड.

"अम्मा, ह्या ओणमला तरी ये," बीना फोनवर म्हणायची.

"दारापर्यंत गाडी येते का?"

"खड्ड्यापर्यंत येते. तिथून तुला खुर्चीत बसवू, चौघं उचलून—"

"मोळे, माझ्या लेकी, चौघं उचलतील तेव्हा मी बघायला नसणारच आहे. तोवर मी गाडीनं दारात उतरेन. नाहीतर इथंच बरी आहे."

आता म्हातारीशी काय भांडणार? मग बीनानं ठरवलं, ह्या ओणमच्या आत तो खड्डा बुजलाच पाहिजे.

पण खड्ड्यात केळ होती.

आता खड्डा बुजवत नाहीत म्हणून त्यात केळ लावायची, शेजारी उभं राहून फोटो काढायचा, पेपरात द्यायचा, ही इकडची रीतच आहे. सगळेच लावतात. दोन दिवसांनी ती वाळते, नाहीतर गाय खाते, आणि विषय मिटतो. पण ही केळ लावली होती वामदेवन सारांनी. सार म्हणजे सर, सिंचन खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी गेल्या ओणमनंतर केळ लावली, माइक हातात घेतला आणि गर्जना केली, "ही केळ वाळली तर नगरपालिका जिंकली असं समजा!"

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायला कुणाचं काय जातं? केळीला पाणी घालायचं काम मात्र सेक्रेटरीकडे आलं.

बीना रोज शिव्या देत पाणी घालायची. मासे धुतलेलं पाणी, चुलीतली राख, शेजारच्या गोठ्यातलं शेण, सगळं त्या खड्ड्यात. पावसाचं पाणी होतंच साठलेलं. आणि केळ अशी माजली की काय सांगू. नेंद्रनची केळ, चिप्स करतात ती. पानं विजेच्या तारांना गुदगुल्या करायला लागली. मग केळफूल आलं, घड धरला, घडाला टेकू लावायला लागला. आणि तिथून गल्लीचं डोकं फिरलं.

"घड ओणमच्या रस्सीखेचीचं बक्षीस म्हणून ठेवू," कुरुविला म्हणाले.

"बक्षीस? घड माझ्या फाटकासमोर लोंबतोय," कोपऱ्यातल्या ऐशाबीवी टीचर म्हणाल्या. "माझ्या मोरीचं पाणी पिऊन वाढलाय तो!"

"घड गुरुवायूरला देवाला जाईल," वामदेवन सारांनी जाहीर केलं.

ज्यासाठी केळ लावली तो खड्डा कुणाच्या लक्षातच नव्हता. खड्डा आता कुंडी झाला होता.

ओणम जवळ आला तसा नगरसेविका जिजीचा बीनाला फोन आला. "चेची, गुरुवारी डांबर येतंय. तुमची गल्ली घेतलीये. खड्डा मोकळा करून ठेवा. ह्या वेळी हुकलं तर पुढच्या वर्षी."

बीना नाचायचीच बाकी होती. त्याच संध्याकाळी तिनं सभा बोलावली, बातमी दिली आणि म्हणाली, "तर उद्या केळ तोडू."

कुणी टाळी वाजवली नाही.

"घड अजून भरला नाहीये," ऐशाबीवी टीचर म्हणाल्या. "कोवळा तोडायचा म्हणजे पाप."

"मला वाटतं," कुरुविला घसा खाकरत म्हणाले, "घड तयार होईपर्यंत रस्ता थांबवावा अशी आपण नगरपालिकेला विनंती करावी."

आणि टाळ्या! ह्याला टाळ्या!

बीना उठून उभी राहिली. "तुम्हा लोकांच्या डोक्यात मेंदू आहे का शहाळ्याचं पाणी? रस्त्यासाठी केळ लावली आणि आता केळीसाठी रस्ता नको?"

"बीना, शांत हो," वामदेवन सार म्हणाले. "आंदोलन चालू आहे. चालू आंदोलनाला असं कोयत्यानं तोडत नाहीत. मागे घ्यायचं तर रीतसर घ्यायला हवं."

"म्हणजे कसं रीतसर?" हे विचारायला हवं होतं. पण बीना तोवर खुर्ची लाथाडून घरी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी सकाळी कोयता घेऊन निघाली. केळीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून वामदेवन सार पेपर वाचत बसलेले, डोक्यावर छत्री.

"कोयता कशाला गं?"

"नारळ सोलायला."

"इथं कुठं नारळ आहे?"

"नारळ नसला तर काय झालं, सार? तुमचं डोकं आहे ना."

सारांनी पेपराचं पान उलटलं. ते खुर्चीतून हलले नाहीत. बुधवारीही नाही, गुरुवारीही नाही.

गुरुवारी रोलर मागच्या शेतातून चिखल तुडवत आत आला. काम गल्लीच्या आतल्या टोकापासून सुरू झालं. बीना मजुरांना चहा देत होती, उकडलेला टॅपिओका देत होती, डांबराचा वास अत्तरासारखा हुंगत होती. तिच्या दारासमोरचा रस्ता काळा कुळकुळीत, आरशासारखा झाला. तिला दम निघेना. तिनं तिथूनच फोन लावला.

"अम्मा! रस्ता झाला! दारात गाडी येते!"

पलीकडे अम्मा भावावर ओरडल्याचं तिला ऐकू आलं, "पेटी काढ माझी!"

मग बीना मिरवत मिरवत गल्लीच्या तोंडाशी गेली. तिथं केळ होती. जशीच्या तशी. कंत्राटदारानं केळीच्या चहूबाजूंनी सुबक डांबर घातलं होतं आणि मध्ये खड्डा सोडला होता.

"हे काय?" तिनं कंत्राटदाराला विचारलं.

"मॅडम, मला खड्डे बुजवायला सांगितलंय," कंत्राटदार म्हणाला. "हे झाड आहे. झाड तोडायची परवानगी माझ्याकडे नाही."

"अरे, ते झाड खड्ड्यातच आहे ना!"

"मग झाडामुळे मला खड्डा दिसत नाही," असं म्हणून तो रोलरवर चढून गेला.

बीनानं अम्माला परत फोन लावला. पण अम्मानं तोवर अख्ख्या चेंगन्नूरला सांगून टाकलेलं. "माझ्या लेकीनं रस्ता करून घेतला," म्हणत होती. "सरकारला जमलं नाही ते हिनं केलं." बीनानं फोन ठेवून दिला.

उत्राडमच्या दिवशी, म्हणजे ओणमच्या आदल्या दिवशी, भावाची गाडी आली. गल्लीत शिरली आणि केळीसमोर थांबली. उजवीकडून जागा नाही, डावीकडून नाही. भावानं हॉर्न दिला. केळीला हॉर्न! ह्याच्यावरूनच ओळखा तो कसला हुशार ते.

गल्ली गोळा झाली. अर्धे लोक पूकळमची, म्हणजे ओणमच्या रांगोळीची, फुलं हातात घेऊनच आले. बीना धावत पोचली, तर गाडीची काच खाली गेलेली आणि आत अम्मा, मांडीवर पेटी.

"खुर्ची आणू का?" कुरुविलांनी विचारलं.

अम्मानं त्यांच्याकडे असं बघितलं की कुरुविला दोन पावलं मागं गेले.

"ही कुणी लावली?" अम्मानं विचारलं.

"मी," वामदेवन सार पुढं आले. कमरेला गुंडाळलेला पांढरा मुंडू नीट केला. "हे आंदोलन आहे, अम्मा."

"कशासाठी?"

"रस्त्यासाठी. गल्लीत गाड्या याव्यात म्हणून."

"मी गाडीतच बसलेय," अम्मा म्हणाली.

ऐशाबीवी टीचरना हसू आलं, त्यांनी ते पदरात कोंबलं. वामदेवन सार घडाकडे बघत राहिले. घड आता भरला होता, तोडायला चांगला तयार होता. तरी त्यांचा हात काही पुढं येईना.

"पण आंदोलन मागे घ्यायचं तर..." सार पुटपुटले, "रीतसर..."

आणि बीनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आयला! ह्या माणसाला ना घड पाहिजे, ना गुरुवायूर. ह्याला माइक पाहिजे! आंदोलन सुरू करताना सभा झाली, तर संपवताना नको? तो बिचारा इतके दिवस त्या खुर्चीत बसून कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होता.

"थांबा सगळे!" बीना ओरडली. "समारंभ आहे!"

ती घराकडे धावली आणि हातात मिळेल ते घेऊन आली. चादर मिळाली नाही म्हणून गाडीचं बॉनेटच टेबल झालं. माइक नव्हता, तर तिनं केळफुलाचा उरलेला दांडा सारांच्या हातात दिला. शाल कुठून आणणार? अम्मासाठी घेतलेला ओणमचा नवा मुंडू, सोनेरी काठाचा, अजून पिशवीतच होता. तो तिनं फाडकन घडीतून सोडवला आणि सारांच्या खांद्यावर घातला.

"अध्यक्ष कुरुविला, तुम्ही अध्यक्ष. झालं अध्यक्षपद. टीचर, तुम्ही स्वागत करा. एका वाक्यात!"

"सगळ्यांचं स्वागत आहे, माझ्या मोरीसकट," टीचर म्हणाल्या.

"उद्घाटन अम्माच्या हस्ते!"

बीनानं कोयता खिडकीतून आत दिला. अम्मानं तो दोन्ही हातांनी धरला, पातीनं केळीला नुसतं शिवलं आणि म्हणाली, "चला, आटपा."

"आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील," बीना म्हणाली. "दोनच, सार."

वामदेवन सारांनी दांडा तोंडाजवळ धरला. "मित्रहो, ह्या केळीनं..." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले, तेही अम्माच्या मुंड्यानं. बीनानं मनातल्या मनात मुंडू धुवायला टाकला. मग सार सुटले. नगरपालिका, जागतिक तापमान, त्यांच्या नोकरीतला एक कालवा. ते कालव्यात उतरले तशी बीनानं जोरात टाळ्या सुरू केल्या. गल्लीला टाळ्यांची सवय, सगळ्यांनी उचलून धरल्या. टाळ्यांच्या आवाजात सारांना भाषण संपल्यासारखं वाटलं. त्यांनी कोयता घेतला आणि घड स्वतःच्या हातानं उतरवला.

मग जे झालं ते तेक्केनडात पूर्वी कधी झालेलं नव्हतं. कुणी भाषण न करता सगळे कामाला लागले. केळ आडवी केली, कंद उकरून काढला. कुरुविलांच्या अंगणातली फुटकी कौलं, टीचरच्या घरामागची वाळू, कुणाच्या विटा, सगळं खड्ड्यात गेलं. सजीवननं रिक्षा पुढं-मागं फिरवून दाबून घेतलं. आणि अम्माची गाडी हळूहळू खड्ड्यावरून पार झाली, गल्लीतून गेली आणि बीनाच्या दारात थांबली.

अम्मा उतरली. चार पावलं चालली, पाचव्याला ओसरीवरच्या खुर्चीत बसली. तिनं भिंतीवरून हात फिरवला, खांब बघितला, छत बघितलं. "फोनमध्ये लहान दिसत होतं," म्हणाली. बीनानं नाक पुसलं आणि उगीचच भावावर खेकसली, की पेटी आण ना आत, बघतोस काय.

घड ओसरीच्या आढ्याला टांगला गेला. कुणाचा, हा वाद संपला, कारण अम्मानं सांगून टाकलं की उद्या चिप्स तळायच्या आणि घरोघर द्यायच्या. मग ती फाटकाकडे बघत म्हणाली, "तो माणूस माझा मुंडू पांघरून का उभाय?"

फाटकाबाहेर वामदेवन सार उभे होते. खांद्यावर अजून मुंडू, हातात कंदातून काढलेलं केळीचं पिल्लू, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. त्यांची नजर भावाच्या गाडीवर होती. बीनानं पाहिलं. गाडीचं मागचं चाक नव्या कोऱ्या डांबरात अर्धं रुतलं होतं. आरशासारख्या रस्त्याला गाडीच्या ओझ्यानं चांगला टोपलीएवढा खड्डा पडला होता.

सारांनी पिल्लाकडे बघितलं, मग खड्ड्याकडे.

"सार!" बीनानं बोट रोखलं. "हात लावलात तर बघा! ओणम झाला की ह्याच रस्त्यानं अम्माला परत न्यायचंय गाडीतून!"

"अगं, लावू दे त्यांना," आतून अम्मा म्हणाली. तिनं खुर्चीत पाय वर घेतले. "आणि मोळे, रोज पाणी घाल त्याला."