दोन पट्ट्या आणि आईचा आवाज

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. कारखान्यातून निघालो तेव्हा चकचकीत होतो. काही वर्षं एका कचेरीत राबलो, मग या घरी आलो. घरात पोहायला शिकवणारी आई आणि तिची शाळकरी मुलगी. वरच्या मजल्यावर मुलीचा मामा. मुलगी माझ्यावर चित्रं काढायची, आई तलावाचं वेळापत्रक छापायची. हळू आहे पण गुणी आहे, असं माझं कौतुकही करायची.

मग आईच्या घशाला मोठं दुखणं लागलं. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून ती रोज माझ्यासमोर बसून बोलू लागली. लेकीला उठवणं, रागावणं, लाडाने हाक मारणं, झोपतानाच्या गोष्टी, सगळं माझ्यात साठवू लागली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. इतकं मोलाचं काही मी कधी सांभाळलं नव्हतं.

माझा वेग कमी, त्यामुळे रेकॉर्डिंग अडकायचं. मामाला वाईट वाटलं. आपल्या मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरमधली रॅमची पट्टी त्याने माझ्या पट्टीशेजारी बसवली. खाचेत बसली म्हणजे जमली, असं त्याला वाटलं.

मित्रांनो, रॅम म्हणजे माझी ओंजळ. हातातलं काम मी आधी तिच्यात धरतो, मग डिस्कवर ठेवतो. पण या दोन पट्ट्या वेगळ्या घडणीच्या, वेगळ्या वेगाच्या. एकीची चाल दुसरीला झेपेना. ओंजळ गळू लागली. पडदा निळा व्हायचा, मी मध्येच बंद पडायचो. त्याहून भयंकर म्हणजे कधी कधी बंद पडायचोच नाही. सेव्ह झालं, असं मुकाट दाखवायचो आणि आत भलतंच लिहिलेलं असायचं. आपण चुकतोय हे माझं मलाच कळत नव्हतं.

आई ऑपरेशनसाठी इस्पितळात जाणार, त्याच्या आदल्या दिवशी मुलीने आईची एक गोष्ट लावली. दोन वाक्यं नीट आली, मग नुसती खरखर. दुसरी लावली, तिथेही तेच. ती रडत स्वयंपाकघरात आईकडे पळाली. मामा गांगरला. डिस्कच बिघडली असेल, सगळं पुसून नव्याने भरू, म्हणत तो कीबोर्डपाशी बसला. मी गारठलो. जे शाबूत होतं तेही जाणार होतं आणि मला ओरडताही येत नव्हतं.

आई दारातून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पुसू नकोस. आधी तू घातलेली पट्टी काढ. ती आल्यापासूनच हे चाललंय."

मामाने पट्टी काढली. मी धडपडत सुरू झालो. पट्टी येण्याआधीचं सगळं नीट वाजलं. नंतरचं बरंचसं गेलं ते गेलंच. आई पुन्हा बोलायला बसली, पण घसा साथ देईना. एक गोष्ट कशीबशी पुरी झाली, तेव्हा मुलीनेच तिचा हात धरला.

"राहू दे, आई. बाकीच्या मला पाठ आहेत."

आता आई पाटीवर लिहून बोलते. मुलगी शाळेतून आली की आईचा साठवलेला आवाज लावते, आणि तो येईपर्यंत माझा पंखा धडधडत राहतो. मित्रांनो, माझ्यासारख्याला काही नवं जोडाल तर ते जुळतं का हे आधी विचारून घ्या, जोडल्यावर तपासून बघा. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत दुसरीकडेही ठेवा. या घरात अजून ती कुणी ठेवलेली नाही. सगळं माझ्या एकट्याकडे आहे, आणि मला भीती वाटते.