ठिपकीला नापास करायचं होतं तेव्हा

कुत्र्यांच्या शाळेत बाइतो, म्हणजे थोड्या तासांची नोकरी, मिळाली, तेव्हा अनघाला वाटलं, लोकांच्या लाडावलेल्या कुत्र्यांना ऊठ-बस शिकवायची असेल. जपानमधल्या त्सुकुबात सकाळी नवरा त्याच्या संशोधनसंस्थेत गेला की दिवस खायला उठायचा, त्यापेक्षा हे बरं. आठवड्याभराने कळलं, की म्हातारे कुरोदा-सान रानपक्ष्यांची शिकार करणाऱ्यांसाठी कुत्री तयार करतात. केकसुद्धा अंड्याविना मागणारी बाई ती. त्याच दिवशी काम सोडणार होती.

पण तोवर ठिपकीने घात केला होता. सेटर जातीची दीड वर्षांची कुत्री, अंगभर काळे ठिपके. कागदोपत्री तिला लांबलचक इंग्रजी नाव होतं. ठिपकी हे अनघाने ठेवलेलं. पहिल्याच दिवशी तिने अनघाच्या पायावर डोकं टेकून एक मोठा उसासा सोडला. इथे येऊन चार वर्षं झाली होती, पण इतक्या विश्वासाने अनघाजवळ कुणीच बसलं नव्हतं. तिला ती कुत्री हवी होती, बस्स.

"ही मितो शहरातल्या एका डेंटिस्टना कबूल केलीय," कुरोदा-सान म्हणाले. "नोव्हेंबरात परीक्षा. पास झाली की नेतील."

"आणि नापास झाली तर?"

"शिकारीला निकामी कुत्रं मी कुणाला तरी घरी पाळायला देऊन टाकतो."

"मला द्या," अनघा म्हणाली. कुरोदा-सान हसले आणि आपला गुडघा दुखतो म्हणून ठिपकीची तयारी तिच्याच गळ्यात मारून मोकळे झाले.

आता चोराच्याच हाती किल्ल्या आल्यावर काय हवं? नापास करायचं म्हणजे काय, हे तिने आधीच पाहून ठेवलं होतं. शाळेत गोरो नावाचा स्पॅनियल जातीचा एक मुरलेला कुत्रा होता. तो गवतात तीरासारखा घुसायचा, दडलेला पक्षी फडफडत वर उडायचा आणि कुरोदा-सान गोरोची पाठ थोपटायचे. म्हणजे पक्ष्यावर धावेल तो हुशार आणि जागच्या जागी उभा राहील तो ठोंब्या. ठिपकीला ठोंब्या करायचं.

रोज दुपारी ती लावा पक्ष्याचा पिंजरा गवतात दडवायची. ठिपकी वासावर झेपावली की ही म्हणायची, "थांब." थांबली की बिस्किट. महिन्याभरात ठिपकी इतकी थांबायला लागली, की अंगावर माशी बसली तरी हलेना.

"अगं, पण सगळ्या जातींचं काम एकच असतं का? एकदा चेक तरी कर," नंदकिशोर म्हणाला. नवरा शास्त्रज्ञ, त्याला शंका काढायचाच पगार मिळतो.

"पक्षी दिसला की धावायचं, त्यात जात कुठे आली?" अनघाने त्याला उडवून लावलं आणि ऑनलाइन कुत्र्याचं अंथरूण मागवलं. घरमालकांचीही परवानगी काढून ठेवली.

परीक्षेच्या रविवारी डेंटिस्ट हासेगावा-सान बूट-टोपी घालून हजर झाले. ठिपकीला माळावर सोडलं. ती डावी-उजवीकडे हुंगत गेली आणि एका झुडपापाशी खिळली. पुढचा पाय उचललेला, शेपूट ताठ. माणसं पार जवळ गेली, तिच्या नाकाखालून पक्षी भुर्रकन उडाला, तरी ही तशीच. अनघाने जमेल तितका चेहरा पाडला आणि कमरेत वाकली. "माफ करा. माझंच चुकलं."

हासेगावा-साननी टोपी काढली. कुरोदा-सान डोळे पुसत होते.

"अनघा-सान, पक्षी उठवायचा तो स्पॅनियलने," ते म्हणाले. "सेटरने दडलेल्या पक्ष्यासमोर थांबायचं, शिकारी येईपर्यंत. हे शिकवायला मला दोन-दोन वर्षं लागतात."

आपल्याच हातांनी आपण तिला घालवली, हे अनघाला तिथे उभ्या-उभ्या कळलं. त्यात दोघंही तिच्यासमोर वाकत होते, म्हणून तिलाही उलट वाकावं लागत होतं.

"तुम्ही तिला कोणता शब्द सांगता, सेन्सेई?" तिला चक्क गुरुजी म्हणत हासेगावा-साननी वही काढली.

चुकीचा शब्द सांगावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग ठिपकी परत आली असती. पण त्याआधी परक्या घरात, कळत नाही म्हणून बिचारी किती ओरडा खाईल, या विचाराने तिने खरा शब्द सांगितला. हासेगावा-साननी तो मन लावून घोकला. मितोच्या माणसाचा 'थ' सुधारायला दहा मिनिटं लागली, तीही तिनेच दिली.

गाडीत चढवताना ठिपकीने मान सोडवून घेतली आणि उडी मारून खडीवरून सरळ अनघाकडे धाव घेतली. अनघा गुडघ्यांवर बसली, हात पसरून.

"थांब," मागून हासेगावा-सान म्हणाले. उच्चार अगदी स्वच्छ.

ठिपकी चार हातांवर थांबली. पुढचा पाय उचललेला, नजर अनघावर. हासेगावा-सान सावकाश चालत येऊन पट्टा अडकवेपर्यंत ती जागची हलली नाही.