दातिवऱ्याचं प्रमाणित कासव

दातिवऱ्याचे बळवंत तांडेल छप्पन्न वर्षांचे होईपर्यंत समुद्रात बरंच काही करून बसले होते, पण कासव होण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती आणली त्यांच्याच मुलीने.

हेमांगी बोईसरच्या एमआयडीसीत कामाला होती. कोळंबी गोठवून परदेशी पाठवणारा कारखाना, आणि ही तिथे गुणवत्ता तपासनीस. पांढरा कोट, पांढरी टोपी आणि पांढरे गमबूट घालून ती दिवसभर कोळंबीचा ताप मोजायची. एका सोमवारी मॅनेजरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. परदेशातल्या एका मोठ्या दुकानसाखळीने नवा नियम काढला होता. तिथल्या गिऱ्हाइकांना कोळंबी खायची होती, पण तिच्यापायी कुठे एखादं कासव मेलं असेल ही रुखरुख नको होती. म्हणून ज्या जाळ्यात कासवाला बाहेर पडायला दार असेल, त्याच जाळ्यातली कोळंबी ते यापुढे घेणार होते.

"तुझ्या वडिलांची बोट आहे ना?" मॅनेजर म्हणाले. "एका बोटीवर दाखवून दिलं की बाकीच्यांचं काम सोपं. पुढच्या गुरुवारी त्यांच्या तपासनीस बाई व्हिडिओ कॉलवर बघणार आहेत."

संध्याकाळी हेमांगीने घरी विषय काढला तेव्हा बळवंत ओट्यावर बसून चहा पीत होते.

"जाळ्याला दार?" ते म्हणाले. "तीस वर्षं मी जाळ्याची भोकं शिवतोय. आता मुद्दाम भोक पाडू?"

"भोक नाय बाबा, दार." तिने वहीत चित्र काढून दाखवलं. जाळ्याच्या पोटात सळ्यांची एक लंबगोल चौकट तिरकी बसवायची. कोळंबी बारीक, ती सळ्यांमधून मागच्या पिशवीत जाते. कासव मोठं, ते सळ्यांवर आपटतं, घसरत वर सरकतं आणि वरच्या झापेतून बाहेर पडतं.

बळवंतांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "आनि घोळ लागली तर? घोळ पण मोठीच मासळी हाय, सोन्याच्या भावाची."

"ती पण जाईल."

"वा."

बळवंतांची बायको जमना अंगणात सुकत घातलेले बोंबील घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "कासवाला दार हाय," ती म्हणाली. "आपल्या न्हाणीला अजून नाय."

पण कारखान्याने कोळंबी घेतली नाही तर गावातल्या सगळ्याच बोटींचं अवघड होतं, हे तिघांनाही माहीत होतं. बळवंत तयार झाले.

सोबत एक्केचाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. हेमांगी वाचायची, वडील उत्तर द्यायचे, ती इंग्रजीत लिहायची. तुमच्या भागात कासवांची संख्या वाढते आहे की घटते आहे? "मी मोजायला गेलो नाय, ती पण सांगायला आली नाय." तुमच्या जाळ्यामुळे समुद्राच्या तळाला त्रास होतो का? "तळ अजून काय बोलला नाय." एकोणतिसाव्या प्रश्नापाशी बळवंत थांबले.

"खाडीचं पानी मधीच हिरवं येतं, मधीच तांबडं येतं, त्यो प्रश्न कुठं हाय?"

हेमांगीने पानं पुढेमागे चाळली. तो प्रश्न नव्हता. शेवटी 'इतर' असं लिहून दोन ओळींची जागा सोडली होती. तिने तिथे बारीक अक्षरात पाण्याचे रंग लिहिले, आणि जागा संपल्यावर कडेने वर चढवत नेले.

चौकट बनवायला ती बोईसरच्या एका वेल्डिंगवाल्याकडे गेली. त्याने चित्र पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, गेट किसके लिए है?"

"कछुए के लिए."

त्याने चित्र पुन्हा एकदा पाहिलं. "कौनसी सोसायटी में रहता है?"

तिने समजावून सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि चौकट उत्तम बनवली. फक्त झापेच्या कडेला त्याने एक कडी वेल्ड केली. बिनकडीचं गेट आपल्या दुकानातून आजवर गेलेलं नाही, असं तो म्हणाला. ती कापून द्या म्हटलं तर त्याचा चेहरा इतका उतरला की हेमांगी तशीच घेऊन आली. जाळी विणणारे एकनाथकाका सत्तरीचे. त्यांनी दोन दिवस बसून चौकट जाळ्यात शिवली. कडीकडे त्यांनी पाहिलं, पण आजकाल परदेशातून काहीही येतं म्हणून त्यांनीही ती तशीच ठेवली.

बुधवारी सकाळी ईमेल आला. इथल्या गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसणार नाही, म्हणून चाचणी जमिनीवर घ्यावी. जाळं ताणून बांधावं आणि त्यातून चाळीस किलोंहून जास्त वजनाचं, पाठ फुगीर असलेलं, स्वतःच्या इच्छेने हालचाल करणारं काहीतरी दारातून बाहेर पडताना दाखवावं. वेळ पाच मिनिटं. मान्यताप्राप्त रबरी कासव मागवायचं असेल तर ते सहा आठवड्यांनी पोचेल.

खरं कासव धरून ठेवणं कायद्यात बसत नव्हतं. एकनाथकाकांनी शेळी सुचवली. त्यांनी आपलीच शेळी आणून जाळ्याच्या तोंडातून आत सोडली. ती चौकटीपर्यंत गेली, सळ्यांमधून पलीकडे पाहिलं, आणि आल्या वाटेने परत येऊन जाळ्याचा दोर चघळत उभी राहिली.

"शेळीला इच्छा नाय," एकनाथकाका म्हणाले. मग त्यांची नजर बळवंतांवर गेली आणि तिथेच राहिली. बळवंत ब्याण्णव किलोंचे होते. बुटके, रुंद, मान जवळजवळ नव्हतीच.

"माझ्याकडं काय बघतोस, काका?"

"तुला इच्छा हाय का, तेवढं सांग."

गुरुवारी दुपारी ओहोटी होती. घट्ट रेतीवर, बोटीच्या पुढच्या टोकापासून सुरूच्या झाडापर्यंत जाळं ताणून बांधलं. मासळीचं एक मोठं निळं टप बळवंतांच्या पाठीवर पालथं घालून दोरीने आवळलं. अर्धा गाव जमला होता. हेमांगीने फोन काठीला लावून धरला. पडद्यावर तपासनीस ब्रिगिट बाई दिसल्या: पन्नाशीच्या, लोकरीचा स्वेटर, हातात कॉफी. त्यांच्याकडे सकाळ होती.

"हे कासव आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हे कासवाच्या जागी आहेत," हेमांगी म्हणाली. "माझे वडील."

ब्रिगिट बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "सुरू करा."

बळवंत गुडघ्यांवर आणि कोपरांवर रांगत आत शिरले. सुरुवात फार चांगली झाली. ते चौकटीवर हलकेच आपटले, ठरल्याप्रमाणे तिरक्या सळ्यांवरून वर सरकले, आणि पहिल्या मिनिटाला त्यांचं डोकं आणि दोन्ही हात झापेतून बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कडी टपाच्या दोरीत अडकली.

बळवंतांनी पुढे जोर लावला. दोरी आणखी आवळली. मागे जायला गेले तर टप सळ्यांत फसलं. आता ते अर्धे जाळ्याबाहेर आणि अर्धे आत, जमिनीपासून हातभर उंच लटकत होते. दोन मिनिटं झाली. बळवंतांनी आधी वेल्डिंगवाल्याची आठवण काढली, मग परदेशातल्या गिऱ्हाइकांची, मग गिऱ्हाइकांच्या मागच्या पिढ्यांची.

"कासव काय म्हणत आहे?" ब्रिगिट बाईंनी विचारलं.

"ते शांत आहेत," हेमांगी म्हणाली.

"त्यांचा चेहरा लाल झाला आहे."

"उन्हामुळे."

तीन मिनिटं झाली. एकनाथकाका विळा घेऊन पुढे निघाले तेव्हा जमनाने त्यांना हाताने मागे सारलं. तिच्या दुसऱ्या हातात ताट होतं. नवं जाळं समुद्रात जायच्या आधी पूजा करायची म्हणून ती ते घरून घेऊनच आली होती.

"आई, मधी नको येऊस," हेमांगी दबक्या आवाजात म्हणाली. "चाचणी चाललीय."

"जाळ्यात कासव अडकलं तर काय करायचं ते तू मला नको शिकवू," जमना म्हणाली. "माझ्या आज्याला करताना बघितलंय मी."

तिने बळवंतांच्या कपाळाला आणि टपाला हळद-कुंकू लावलं. सुरूच्या बुंध्यावर नारळ फोडला, पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, हात जोडले. मग पदर खोचून ती मागे गेली, कडीतून दोरी सोडवली, दोन्ही हात टपाला लावले आणि ढकललं.

बळवंत झापेतून निघाले ते थेट रेतीत तोंडावर पडले. टप त्यांच्या पुढे घरंगळत गेलं. एकनाथकाकांनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं चाळीस सेकंद.

पडद्यावर ब्रिगिट बाईंनी कॉफी खाली ठेवली होती.

"ती पिवळी पावडर काय होती?"

हेमांगीला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. तिने खरं ते सांगितलं. इथे कासवाला देव मानतात. जाळ्यात आलं तर बोटीवर घेतात, हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात आणि पाण्यात सोडतात. त्याला कोणी मारत नाही. दार नव्हतं तेव्हाही मारत नव्हते.

"कधीपासून?"

हेमांगीने मागे वळून विचारलं. एकनाथकाका म्हणाले, "आमच्या पणज्याच्या पन आदीपासून."

"हे कुठे लिहिलेलं आहे का?"

"नाही."

ब्रिगिट बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग कृपा करून लिहा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा मऊ झाला होता. "मी इथे वीस वर्षं कासव वाचवायचे नियम लिहिते आहे. कासवाला नमस्कार करा, असं आम्हाला कोणालाच सुचलं नाही."

हेमांगीने रात्रपाळीच्या मैत्रिणीला मदतीला घेऊन दोन पानांची कार्यपद्धती लिहिली. कासव ओळखणे, कासव बोटीवर घेणे, हळद, कुंकू, नारळ, नमस्कार, विसर्जन. दोन दिवसांनी चाचणी आणि कागद दोन्ही मंजूर झाले. त्यासोबत अन्नसुरक्षा विभागाचं वेगळं पत्र होतं. बोटीवर नारळ फुटणार असेल तर नारळाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी पाकिटावर तशी सूचना छापावी लागेल. कोळंबीच्या पाकिटावर नारळ कसा छापायचा, या विचाराने मॅनेजरांनी त्या दिवशी डबाही खाल्ला नाही. शेवटी आठ ईमेलनंतर असं ठरलं की नारळ बोटीच्या डाव्या बाजूला फोडावा आणि कोळंबी उजव्या बाजूला ठेवावी.

"आनि वारा उजवीकडं असंल तर?" बळवंतांनी विचारलं.

हेमांगीने तो प्रश्न पुढे पाठवला नाही.

कडी कापून टाकली आणि बळवंत नवं जाळं घेऊन समुद्रात गेले. पहिल्याच फेरीत एक घोळ त्यांच्या डोळ्यांदेखत दारातून निघून गेली. ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पण ओंडके, टायर, प्लॅस्टिकच्या गोण्या हेही त्याच दारातून जाऊ लागले आणि पिशवीत कोळंबी स्वच्छ यायला लागली, हे त्यांनी तिसऱ्या दिवशी जमनाला सांगितलं, आणि गावात सांगू नको म्हणाले. खाडीच्या पाण्याबद्दलच्या दोन ओळींना मात्र उत्तर आलं नाही. हेमांगीने पुन्हा पाठवल्या. तेव्हा उत्तर आलं की पाणी आमच्या विभागात येत नाही.

महिनाभराने एक लखोटा आला. त्यात बळवंतांच्या नावाचं प्रमाणपत्र होतं, मापांसह: लांबी, रुंदी, वजन. यापुढे या किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींची चाचणी याच कासवावर होणार होती, म्हणजे निकालांची तुलना करता येईल. वजन नव्वद ते चौऱ्याण्णव किलोंच्या मध्ये असावं, अशी अट होती.

बळवंतांनी ते फ्रेम करून घेतलं. एडवण, केळवे, सातपाटी, सगळीकडून त्यांना बोलावणी येऊ लागली. पालघरजवळ कोळगावच्या जिल्हा कार्यालयाच्या हिरवळीवर त्यांनी अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक दिलं, दोन मिनिटं पाच सेकंदांत.

सगळं सुरळीत चाललं असताना पालघरच्या डॉक्टरांनी त्यांची साखर तपासली आणि दहा किलो वजन कमी करायला सांगितलं. बळवंतांनी प्रमाणपत्राची झेरॉक्स पुढे केली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली.

"हे किती दिवस चालतं?"

"तीन वर्षं."

"तेवढं थांबता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

हेमांगीने ब्रिगिट बाईंना विचारलं. कासवाला बारीक व्हायचं असेल तर लहान जातीचं कासव म्हणून नवा अर्ज करावा लागेल आणि त्याला नऊ महिने लागतील, असं कळलं. खाली बाईंनी स्वतःच्या नावाने एक ओळ लिहिली होती: वडिलांना सांग, माझ्या डॉक्टरांनीही मला हेच सांगितलं आहे.

जमनाने कोणाच्याच मंजुरीची वाट पाहिली नाही. तिने त्या रात्रीपासून भाकरी एकावर आणली आणि तळलेलं बंद केलं. डिसेंबरात एडवणच्या चाचणीला निघताना बळवंत पंच्याऐंशी किलोंवर आले होते. जमनाने त्यांच्या कमरेला रेतीच्या दोन पिशव्या बांधल्या, वरून शर्ट घातला आणि काट्यावर उभं केलं. नव्वद किलो दोनशे ग्रॅम.

"आता चाला," ती म्हणाली. "आनि तिकडं कोन जेव म्हनाला तर जेवू नका."